श्री. धातू पांढरे यांस

श्री. धातू पांढरे हे गृहस्थ एकोणीस दिवस माझ्या सासऱ्यांच्या गाडीचे मालक होते. त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे समोरच्या काकू म्हणतात की त्यांनी पाहिलंय, पण काकूंनी काय काय पाहिलंय ते सांगत बसलो तर गाडी राहील बाजूला. पांढऱ्यांना जन्म मी दिला. तोही अनवधानाने, वाहन कार्यालयात, खिडकी क्रमांक चारसमोर उभ्या उभ्या, दोरीला बांधलेल्या पेनने.

झालं असं की सासऱ्यांच्या गाडीत टकटक सुरू झाली.

सासरे आमच्याकडेच राहतात. चाळीस वर्षं कारखान्यात काढली, फोरमन म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर एक सुटकेस आणि ती गाडी घेऊन आले. माणूस अतिशय मितभाषी. दिवसाला वीसेक शब्द बोलतात, त्यातले बारा गाडीशी. रोज सकाळी खाली जायचं, इंजिन चालू करायचं, बॉनेटला कान लावायचा आणि समाधानाने वर येऊन पेपर उघडायचा, हा त्यांचा नेम. गाडीचं वय अडतीस. त्या गाडीतून सासूबाई घरी आल्या होत्या, त्याच गाडीत माझी बायको गाडी चालवायला शिकली होती. हे मला सासऱ्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी पुसताना त्यांचा हात मागच्या सीटपाशी जरा रेंगाळतो, त्यावरून कळतं.

तर, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे वाकायचं नाही, गाडी चालवायची नाही, अशी तंबी दिली. आणि नेमकी तेव्हाच टकटक. सासऱ्यांनी खिडकीतूनच ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग."

त्या दिवसाचा तो त्यांचा पहिला आणि शेवटचा शब्द होता.

त्यात महिनाअखेरीला गाडीची सरकारी तपासणी. जुनी गाडी तारखेच्या आत पास झाली नाही तर नोंदणी रद्द आणि रवानगी भंगारात. तेव्हा मी, कुणी विचारलेलं नसताना, छाती काढून म्हणालो, "बाबा, तुम्ही डोळे सांभाळा. गाडीचं माझ्यावर सोडा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते. तिच्या वर्गात पंखासुद्धा आवाज न करता फिरतो. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला बॉनेट कुठल्या बाजूला असतं ते तरी माहीत आहे का?"

पण मला ते करायचंच होतं. त्याला कारण अठरा वर्षांपूर्वीचं आहे. आमचं लग्न ठरत असताना मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि सासरे सासूबाईंना हळूच सांगत होते ते माझ्या कानांवर पडलं, "मुलगा मऊ आहे." मऊ! मी काय कणीक आहे? लग्न झालं, पण तो शब्द काही गिळला गेला नाही. अठरा वर्षं मी त्या शब्दाला उत्तर देण्याची संधी शोधत होतो. ती आता टकटक करत दाराशी आली होती.

मिस्त्रीने इंजिन उघडलं. काळ्या तेलातून एक वाकडातिकडा, पाच-सहा कोपरं असलेला लोखंडी दांडा बाहेर काढला. म्हणाला, "साहेब, हा क्रँकशाफ्ट. पिस्टन वर-खाली नाचतात, हा त्यांना गोल फिरायला लावतो. पोलादाचा आहे, घण घालून घडवलेला. आणि हा ज्यात फिरतो ते बेअरिंग. ते गेलंय पार. क्रँकला पण चरे पडलेत. क्रँक घासून आणतो, बेअरिंगला नवं व्हाइट मेटल ओततो."

"व्हाइट मेटल म्हणजे?"

"कथील. त्यात थोडं तांबं, थोडं अँटिमनी. एकदम मऊ असतं."

तोच शब्द! मी म्हणालो, "मऊ कशाला? दांडा पोलादाचा ना, मग बेअरिंगही पोलादाचंच घाला. एकदाच काय ते पक्कं होऊन जाऊ दे."

"अहो साहेब, कडक घातलं तर ते क्रँकला..."

"मला कच्चं काम नको," मी म्हणालो. मिस्त्रीने मान डोलावली आणि पुढे त्याला जे करायचं होतं तेच केलं. त्याचे उपकार आहेत. टकटक गेली, इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं, सासरे खिडकीतून ऐकून "हं" म्हणाले. इथे मी थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण तपासणीचा अर्ज भरायचा होता, आणि अर्ज म्हटलं की माझ्या अंगात येतं.

मी भाषांतर खात्यात आहे. बावीस वर्षं. सरकारी कागदावरचा परका शब्द दिसला की मला चपलेत खडा गेल्यासारखं होतं. लिफ्टला 'उद्वाहक' हा शब्द मी केलेला नाही, पण त्याच्या पाट्या मी दोनदा तपासल्या आहेत. तर, अर्जात रकाना सतरा होता: 'इंजिनात काही बदल केला असल्यास त्याचा तपशील.' मिस्त्रीने बजावलं होतं, "साहेब, तिथे 'नाही' लिहा आणि मोकळे व्हा." पण सरकारी कागदावर खोटं लिहिण्याचे संस्कार आमच्यावर नाहीत. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'वक्रदंडास चरे पडल्याने तो घासून घेतला. जुने धारक पूर्ण झिजल्याने काढून टाकले असून त्यांच्या जागी पांढरा धातू हे नवे धारक बसविले आहेत.'

क्रँकशाफ्टला वक्रदंड, बेअरिंगला धारक. दोन्ही शब्द तिथेच, रांगेत उभं राहून सुचले. मी वेलांट्या तपासल्या, दोन पावलं मागे सरून मजकुराकडे पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आठवड्याने पत्र आलं. मी कामावर, बायको शाळेत. सासऱ्यांनी ते भिंगाने वाचलं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतो तो ते दारातच.

"पांढरे कोण?"

"कोण पांढरे?" मी विचारलं. अगदी निरागसपणे विचारलं, पण चोरही तसंच विचारतो.

सासऱ्यांनी पत्र पुढे केलं. 'श्री. धातू पांढरे यांस. सदर वाहनाचे जुने धारक पूर्ण झिजल्याने त्यांना कमी करण्यात आले असून वाहन आपल्या नावे वर्ग करण्यात आले आहे. तथापि सदर वाहनावरील वक्र दंड आपण अद्याप भरल्याचे दिसत नाही. तो भरेपर्यंत तपासणी होणार नाही. अभिनंदन.'

"माझी गाडी विकलीत?" सासरे म्हणाले. "मी आंधळा झालो म्हणून?"

मी पत्र तीनदा वाचलं तेव्हा कुठे 'झिजल्याने' हा शब्द मला ओळखीचा वाटला. पोटचं पोर दिसावं तसा. मी समजावायला लागलो, "बाबा, धारक म्हणजे बेअरिंग हो. मी बेअरिंगचं मराठी केलं. यांनी ते वाहनधारक समजून..."

"बेअरिंगला बेअरिंग म्हणतात."

"पण शुद्ध भाषेत..."

"चाळीस वर्षं मी त्याला बेअरिंग म्हणालो. एकदाही रुसलं नाही. असलं कुणी लिहितं का?"

"हे लिहितात, बाबा," बायको म्हणाली. "लग्नाआधी यांनी मला पत्र पाठवलं होतं, त्यात 'माझं रक्ताभिसरण केंद्र तुझ्यापाशी आहे' असं लिहिलं होतं. मी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले होते."

पण सासऱ्यांचा विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही शहाण्या माणसाचा बसला नसता. त्यांनी पलंगाखालून सुटकेस ओढली. "महिनाअखेरीला मी मुलाकडे जातो," म्हणाले. मेहुणा दूरच्या गावी पाचव्या मजल्यावर राहतो. तिथे खाली स्कूटर लावायलासुद्धा जागा नाही. सासऱ्यांनी त्या क्षणापासून माझ्याशी बोलणं सोडलं. दिवसाचे वीस शब्द होते त्यातले माझ्या वाट्याला एक-दोन यायचे, तेही गेले. कुणाला वाटेल, त्यात काय एवढं? मला फार वाईट वाटलं. माणूस मला मऊ म्हणाला होता ते मी अठरा वर्षं चालवून घेतलं, पण लबाड समजला ते एक दिवसही सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून खिडकी क्रमांक चारवर हजर झालो. चार नंबरच्या बाईंनी पत्र पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं.

"पांढरे कुठायत?"

"बाई, पांढरे नावाचं कुणी नाही."

"मग गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"पांढऱ्यांच्या."

"मग?"

"तो माणूस नाही हो. धातू आहे."

"धातूच लिहिलंय. धातू पांढरे. आमच्याकडे चूक होत नाही."

मी म्हणालो, "बरं, निदान हा दंड तरी काढा. वक्रदंड म्हणजे क्रँकशाफ्ट. दंड म्हणजे दांडा."

"दांडा म्हणा, दंड म्हणा, भरावा लागेल."

"मी तो घासून घेतलाय!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दंडात घासाघीस चालत नाही."

बरं, भरतो म्हणालो तर साधा दंड किती ते त्यांना माहीत होतं, वक्र किती ते परिपत्रकात नव्हतं. ते साहेब ठरवणार होते, आणि साहेब महिनाअखेरीपर्यंत दौऱ्यावर होते. गाडी परत सासऱ्यांच्या नावावर करायचा मार्ग मात्र बाईंनी सांगितला. नव्या धारकाने जातीने हजर राहायचं, दोन साक्षीदारांनी त्याची ओळख पटवायची आणि त्याने सही करायची. सही येत नसेल तर अंगठा.

आता सगळ्या इमारतीला हा विषय मिळाला. वरच्या मजल्यावरचे वकील पायजम्यात खाली आले. "काही अवघड नाही. पांढरे बेपत्ता आहेत असं जाहीर करू. सात वर्षं सापडले नाहीत की मोकळे." मी विचारलं, तोवर गाडी? "ती बेपत्ता माणसाची मालमत्ता. तिला हात लावायचा नाही." समोरच्या काकूंनी पांढरे जिन्यात भेटल्याचं सांगितलं. उंच, गोरे, जरा वाकून चालणारे, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा बरे. सेक्रेटरींनी पार्किंगच्या यादीतून सासऱ्यांचं नाव खोडून तिथे पांढऱ्यांचं लिहिलं, आणि दोन दिवसांनी मलाच गाठून म्हणाले, "तुमच्या त्या पांढऱ्यांना सांगा, मीटिंगला येत जा. नुसती गाडी लावून चालत नाही."

माझीही बुद्धी फिरली. एका दुपारी मी जुन्या वहीत पांढऱ्यांची सही गिरवून पाहिली. 'धा. पांढरे', खाली एक झोकदार रेघ. माझ्या सहीपेक्षा ती मला जास्त भारदस्त वाटली. बायकोने मागून वाकून पाहिलं. "छान. आता नाव बदलून दुसरा संसार थाटा," म्हणाली आणि पान टरकावून घेऊन गेली.

आणि महिनाअखेर उजाडली. सकाळी उठलो तर सासऱ्यांच्या खोलीत पलंग नीट आवरलेला, सुटकेस नाही, सासरे नाहीत. बायको खिडकीत उभी होती. तिला रडताना मी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं. आताही ती रडत नव्हती, पण चष्मा काढून फार वेळ पुसत होती. तिने स्टेशनवर जायला चपला घातल्या आणि मला म्हणाली, "तुम्ही कार्यालयात जा. काहीही करा. हात जोडा, पाय धरा. गाडी वाचवा, म्हणजे मला त्यांना परत आणता येईल."

मी गेलो. दौऱ्याहून परतलेले साहेब खुर्चीत होते, समोर आमची फाइल होती. मी हात जोडले. सगळी हकिकत सांगितली, रक्ताभिसरण केंद्र सोडून. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पांढरे आलेत का?"

"आलेत," दारातून आवाज आला.

काळा चष्मा लावून, हातात सुटकेस घेऊन सासरे उभे होते. मागे मिस्त्री, हसून हसून डोळे लाल झालेला. झालं होतं असं की स्टेशनवर जाण्याआधी सासरे गाडीची शेवटची चौकशी करायला मिस्त्रीकडे गेले होते. पत्र दाखवून म्हणाले, हा पांढरे कोण ते तुला ठाऊक असेल. मिस्त्रीने पत्र वाचलं, डोकं खाजवलं, पुन्हा वाचलं आणि टायरवर बसकण मारली. "काका, पांढरा धातू! व्हाइट मेटल! साहेबांनी खरंच त्याचं मराठी केलं हो!"

सासऱ्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. अर्ध्या बांगडीसारखं बेअरिंग, आतून चंदेरी पांढरं. मिस्त्रीने एक जादा ओतून ठेवलं होतं. "गाडीत आहे त्याचाच सख्खा भाऊ," मिस्त्री म्हणाला.

"हे पांढरे," सासरे म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

साहेबांनी ते हातात घेतलं, किल्लीने टोकरलं. लगेच ओरखडा उठला. "अहो, हे तर मऊ आहे! इतकी मऊ वस्तू इंजिनात घालतात?"

मी खाली पाहिलं. आणि मग सासरे बोलले. मी मोजले नाहीत, पण महिन्याचा साठा त्यांनी एका दमात खर्च केला.

"साहेब, क्रँक पोलादाचा. त्याला धरायला पोलादच ठेवलं तर दोघं एकमेकांना खातात, आठ दिवसांत इंजिन संपतं. म्हणून मऊ लागतं. तेलातून कचरा आला, तर मऊ धातू तो पोटात घालतो, क्रँकला ओरखडा येऊ देत नाही. तेल कमी पडलं, तर आधी स्वतः वितळतो, मग क्रँकवर वेळ येते. कडक वस्तू कुणीही बनवतो. असं मऊ मिळायला नशीब लागतं." ते थांबले. "मुलीसाठी स्थळ बघताना मी हेच बघितलं. आमची मुलगी क्रँक आहे."

मी बावीस वर्षं लोकांचे शब्द इकडचे तिकडे करतोय, आणि माझ्याच घरातल्या दोन अक्षरांचा अर्थ मी अठरा वर्षं चुकीचा लावून बसलो होतो. मी साहेबांच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

साहेबांनी खाकरून विचारलं, "यांना सही येते का?"

"नाही."

"मग अंगठा."

"अंगठा नाही."

"जे असेल ते द्या. रकाना रिकामा राहता कामा नये."

बेअरिंग नेमकं कुठे टेकतं ते कळावं म्हणून मिस्त्री लोक निळा रंग लावून बघतात. त्याची डबी मिस्त्रीच्या खिशात होतीच. त्याने बोटाने पांढऱ्यांना निळं लावलं आणि कागदावर अलगद दाबून फिरवलं. सुबक निळा पट्टा उमटला. साक्षीदार म्हणून एक सही मिस्त्रीने केली, दुसरी चार नंबरच्या बाईंनी. "ओळख पटली?" साहेबांनी विचारलं. बाईंनी बेअरिंग उलटंसुलटं करून पाहिलं. "धातू आहेत, पांढरेही आहेत. मी म्हणालेच होते, आमच्याकडे चूक होत नाही."

वक्र दंडापुढे साहेबांनी 'घासून घेतला' असं लिहून ते प्रकरण मिटवलं. तपासणी दुपारी तीनला झाली आणि गाडी पास झाली. मी बायकोला फोन केला. ती स्टेशनवरून रिक्षा करून आली आणि आधी बापावर ओरडली, मग माझ्यावर. फिरत्या दांड्याचे चटके दोन्ही बाजूंना सारखेच बसतात, हे आता मला कळलं होतं.

एक काम राहिलं होतं. रकाना सतरा नव्याने भरायचा होता. मी सवयीने पेन उचललं. सासऱ्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, काळा चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं:

'बेअरींग नवे घातले. जावई तोच ठेवला आहे.'

बेअरिंगमधली वेलांटी चुकली होती. ऱ्हस्व हवी, त्यांनी दीर्घ दिली होती. मी ती पाहिली आणि पोटात घातली.